पत्त्यांची हातचलाखी, जुगाराचं गणित आणि लेखणी: जॉन स्कार्नच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्याने संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, नोकरी चालू आहे, कॉलेजपासून पत्त्यांची जादू करतो. अमेरिकेतला जादूगार आणि जुगाराचा जाणकार जॉन स्कार्न याच्याबद्दल वाचल्यापासून जुगारावर लिहावं, स्टेजवर हातचलाखी दाखवावी, जमलं तर कॅसिनोला सल्ला द्यावा, सिनेमात तज्ज्ञ म्हणून काम करावं असं त्याच्या मनात आहे. सुरुवात कार्यक्रमापासून करू की लेखनापासून? फसवण्याच्या युक्त्या उघडपणे दाखवणं योग्य आहे का? आणि आपल्याकडे यात पैसा आहे का?

तुम्ही जादूगार, लेखक, सल्लागार, सिनेमातला तज्ज्ञ अशी चार कामांची यादी दिली आहे आणि त्यातलं पहिलं कोणतं असं विचारताय. पण स्कार्नने चार धंदे केले नाहीत. त्याच्याकडे माल एकच होता, गिऱ्हाइकं मात्र चार होती. पत्त्यांत आणि फाशांत माणूस कसा नागवला जातो हे समोर बसून हाताने करून दाखवायचं आणि लगेच त्याचा हिशोब मांडायचा, हा तो माल. तुमचा खरा प्रश्न हा आहे की तुमच्याकडे असा माल तयार आहे का, आणि त्यातला कोणता भाग कच्चा आहे: हात, गणित की मांडणी.

आधी स्कार्नचं काय झालं ते नीट पाहू, कारण त्याच्याबद्दल फार ऐकीव लिहिलं जातं. जन्म 1903, ओहायो राज्यातलं स्टूबेनव्हिल. मूळ नाव ऑर्लँडो कार्मेलो स्कार्नेक्किया, घराणं इटालियन, वाढला न्यू जर्सीत. दुसऱ्याने पिसलेल्या कॅटमधून काटून एकामागून एक चारही एक्के काढणं ही त्याची ओळख झाली. या प्रयोगात सोंगट्या नाहीत, पेट्या नाहीत, टोपीतला ससा नाही. जुगाऱ्याला याची भीती वाटते आणि प्रेक्षकाला मजा, म्हणून हा एकच प्रयोग दोन्हीकडे चालतो. तुमचा मुख्य प्रयोग निवडताना हे डोळ्यासमोर ठेवा.

त्याला खरं नाव मिळालं दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकन शिपायाचा मूळ पगार 1942 पासून महिना 50 डॉलर होता आणि पगाराच्या दिवशी बराकीत फासे पडायचे. स्कार्नने 'यँक' या लष्करी साप्ताहिकात लेख लिहिले आणि छावण्या-छावण्यांत जाऊन प्रात्यक्षिकं दिली. लबाड फासे कसे ओळखायचे हे तर त्यात होतंच, पण माझ्या मते त्याहून मोलाचं होतं ते साध्या, सचोटीच्या फाशांवरचं गणित. ते इथे मांडतो, कारण तुमच्या लेखनाचा साचा यातून मिळेल.

दोन फाशांच्या 36 शक्यतांपैकी 7 सहा प्रकारे येतो, 6 पाच प्रकारे आणि 8 ही पाचच प्रकारे. क्रॅप्स या दोन फाशांच्या खेळात टाकणाऱ्याचा 'पॉइंट' (पुन्हा आणायचा आकडा) 6 ठरला, की 7 च्या आधी 6 यायला हवा. ती शक्यता 11 पैकी 5. म्हणजे योग्य भाव 5 ला 6 (5 लावले तर जिंकल्यावर 6 मिळायला हवेत). बराकीतला मुरलेला खेळाडू मात्र म्हणायचा, "एकाला एक लाव." शिपायाला वाटायचं, 6 काय आणि 7 काय, शेजारचेच आकडे. प्रत्यक्षात प्रत्येक डॉलरमागे त्याचे 1/11, म्हणजे 9.09 सेंट जात होते. त्याच खेळात कॅसिनो 'पास लाइन'वर, म्हणजे टाकणाऱ्याच्या बाजूने लावलेल्या मूळ पैजेवर, 1.41 टक्केच घेतो. कुठलीही लबाडी न करता बराकीतला गडी कॅसिनोच्या सहापटीहून जास्त काढत होता. पॉइंट 4 किंवा 10 असेल तर योग्य भाव 1 ला 2, आणि 5 किंवा 9 असेल तर 2 ला 3. हे तीन भाव पाठ असलेला शिपाई निम्मा वाचला.

मग आली पुस्तकं. फाशांवरचं 1945 मध्ये, पत्त्यांवरचं 1949 मध्ये आणि सगळ्या जुगारांचा मोठा मार्गदर्शक ग्रंथ 1961 मध्ये. फाशांच्या पुस्तकावर क्लेटन रॉसन हे दुसरं नाव आहे. रॉसन स्वतः जादूगार आणि रहस्यकथाकार. ज्याचा हात चालतो त्याची लेखणी चालेलच असं नाही, आणि स्कार्नने सोबत लेखक घेतला. मराठीत हे करायला लोक कचरतात. तुमचं लेखन कोरडं होत असेल तर एखाद्या चांगल्या संपादकाला मानधन द्या किंवा नाव वाटून घ्या. त्यानंतर हिल्टन हॉटेलांच्या कॅसिनोंना सल्ला देणं, आणि 1973 च्या 'द स्टिंग' या सिनेमात पॉल न्यूमनच्या हातांऐवजी त्याचे हात. ही सगळी कामं आधीच्या तीस-चाळीस वर्षांच्या पुण्याईवर आली.

त्याची पडती बाजूही पाहा. 1937 मध्ये त्याने टीको नावाचा पटावरचा खेळ काढला: 5×5 चा पट, प्रत्येकी चार सोंगट्या, ओळीत किंवा चौकोनात चार लावायच्या. खेळावर त्याचा इतका जीव की मुलाच्या नावातही टीको घातलं. खेळ काही त्याच्या अपेक्षेइतका चालला नाही. पुढे 1998 मध्ये संगणकाने तो पूर्ण सोडवला तेव्हा दोघेही अचूक खेळले तर बरोबरीच होते असं निघालं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. 1962 मध्ये एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने ब्लॅकजॅक या कॅसिनोतल्या पत्त्यांच्या खेळात गेलेली पानं लक्षात ठेवून कॅसिनोवर मात करता येते हे आकडेमोडीने दाखवलं. स्कार्नने त्याला जाहीर आव्हान दिलं, एक लाख डॉलरची लढत लावू म्हणून. अटींवर जमलं नाही, लढत झाली नाही, आणि गणित थॉर्पचंच खरं ठरलं. शिवाय आत्मचरित्रात स्कार्नने स्वतःच्या पराक्रमांचे इतके किस्से घातले की आज त्यातलं पारखून घ्यावं लागतं. हाताने कमावलेला अधिकार त्याने गणितात वापरायला घेतला, तिथे तो घसरला. तुमची पदवी बघता तुम्ही या बाजूला त्याच्याहून पुढे आहात. तुमचा धोका उलटा आहे: गणित पक्कं, हात अर्धवट.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही मुंबई-पुण्यात आहात की लहान गावात, हे कार्यक्रमांसाठी फरक करतं, लेखनासाठी नाही. घरच्यांना 'जुगार' हा शब्द पेलतो का, हेही बघावं लागतं. लग्नाच्या बैठकीत या धंद्याचं स्पष्टीकरण देणं एक्के काटण्यापेक्षा अवघड जातं. पण कार्यक्रम आधी की लेखन आधी, याचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून नाही. आधी 'जोड्या' तयार करा. एक प्रात्यक्षिक आणि त्याला चिकटलेला एक हिशोब, अशी एक जोडी. अशा सहा जोड्या झाल्या की 45 मिनिटांचा कार्यक्रम होतो, सहा लेख होतात आणि पोलिस प्रशिक्षणातलं एक व्याख्यानही होतं. आपल्याकडच्या खेळांतून तीन जोड्या कशा बनतात ते सांगतो, बाकीच्या तुम्ही कराल.

पहिली, तीन पत्ती. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 हात होतात. त्यात ट्रेल (तिन्ही पानं सारखी, जसे तीन राजे) 52, प्युअर सीक्वेन्स (एकाच चिन्हाची सलग तीन) 48, साधी सीक्वेन्स (सलग, पण चिन्हं वेगळी) 720, कलर (एकाच चिन्हाची, सलग नसलेली) 1,096, जोडी (दोन सारखी) 3,744 आणि नुसतं मोठं पान 16,440. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश हातांत काहीच नसतं. प्युअर सीक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ असूनही खालच्या दर्जाची मानली जाते, ही विसंगती प्रेक्षकांना फार आवडते. तिच्यावर दोन मिनिटं घालवा. त्यांना वाटतं आपण हा खेळ लहानपणापासून खेळतो, आणि हे कुणीच कधी मोजलेलं नसतं.

आता याला जोडायचं प्रात्यक्षिक. नवशिका फसवणारा स्वतःला चांगली पानं घेतो, मुरलेला तुम्हाला देतो. तुमच्याकडे तीन राजे आले की तुम्ही घर गहाण टाकाल, कारण तीन एक्के सोडले तर काहीच वर नाही. कार्यक्रमात प्रेक्षकाला तीन राजे आणि स्वतःच्या साथीदाराला तीन एक्के वाटा, आणि मग हिशोब मांडा. तुमच्याकडे तीन राजे असताना उरलेल्या 49 पानांचे 18,424 हात होतात, त्यातले तीन एक्क्यांचे फक्त 4. एका प्रतिस्पर्ध्याकडे ते असण्याची शक्यता 4,606 मध्ये एक. टेबलावर चौघे प्रतिस्पर्धी असतील तर त्यांच्यापैकी कुणाकडे तरी असण्याची शक्यता सुमारे 1,150 मध्ये एक. तीन राजे मुळात येतातच कधीतरी. म्हणून हा प्रसंग अनोळखी टेबलावर घडला तर नशिबाला दोष देण्याआधी कॅट कुणी आणला ते विचारावं. हे वाक्य लेखातही चालतं आणि स्टेजवरही.

दुसरी, अंदर बाहर. लोक म्हणतात पन्नास-पन्नास. यात एक पान मधे ठेवून बाकीची आलटून पालटून दोन बाजूंना टाकतात, आणि मधल्याशी जुळणारं पान आधी ज्या बाजूला पडेल ती बाजू जिंकते. मधलं पान काढल्यावर 51 उरतात, त्यात जुळणारी तीन. पहिलं पान ज्या बाजूला पडतं ती बाजू जिंकण्याची शक्यता 20,825 पैकी 10,725, म्हणजे 51.5 टक्के. म्हणून त्या बाजूला रुपयाला 90 पैसे आणि दुसऱ्या बाजूला रुपयाला रुपया असा भाव दिला, तर कॅसिनोला पहिल्यावर सुमारे 2.15 टक्के आणि दुसऱ्यावर 3 टक्के सुटतात. पण पहिलं पान कोणत्या बाजूला टाकायचं हा नियम जागोजागी बदलतो, भावही बदलतो. लेखात आकडा देताना नियम आधी लिहा. नाहीतर कुणीतरी वाचक त्याच्या टेबलावरचा नियम घेऊन तुम्हाला खोटं पाडेल आणि तो बरोबर असेल.

तिसरी, मटका. हा आपल्या मातीतला विषय: न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-बंद भावांवर मुंबईत लावलेल्या पैजा, आणि त्यातून पुढे कल्याणजी भगत, रतन खत्री यांच्या काळातली सोडत. एकेरी आकड्याला रुपयाला एकूण 9 परत मिळाले आणि आकडे दहा असतील, तर दहा टक्के गेले. जोडीला, म्हणजे दोन आकडे ओळखण्याला, शंभरात एक शक्यता आणि 90 चा भाव, पुन्हा तेवढेच. इथवर सगळेच लिहितात. खरी चूक पान्यांवर होते. पाना म्हणजे तीन आकड्यांचा संच, त्यात क्रम मोजत नाहीत. एकूण पाने 220: तिन्ही आकडे वेगळे असलेली 120, दोन सारखे असलेली 90, तिन्ही सारखे असलेली 10. म्हणून प्रत्येकाची शक्यता 220 मध्ये एक, असं लिहून लोक मोकळे होतात. सोडत प्रामाणिक आणि प्रत्येक आकडा स्वतंत्र निघतो असं धरलं, तर वेगळ्या आकड्यांच्या एका पान्याची शक्यता हजारात 6, दोन सारखे असलेल्याची हजारात 3 आणि तिन्ही सारख्याची हजारात 1. तिन्ही बेरजा करून पाहा: 720, 270, 10. हजार पूर्ण होतात. संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे सोपं आहे, पण छापील मजकुरात चूक टिकून राहते.

आकडा छापण्याआधी तो दोन वाटांनी काढायचा हा माझा नियम आहे: एकदा सूत्राने, एकदा संगणकावर डाव खेळवून. इथे किती डाव खेळवायचे यावर लोक फसतात. समान भावाच्या पैजेत 10,000 डावांनंतरही टक्क्यातल्या नफ्या-तोट्याच्या आकड्यात साधारण एक टक्क्याची प्रमाणित चूक (योगायोगाने पडणारा फरक) उरते. मग क्रॅप्सचा 1.41 टक्के तुम्हाला दिसणारच नाही, कधी अर्धा दिसेल, कधी अडीच. दहा लाख डाव खेळवले की ती चूक 0.1 टक्क्यावर येते. सूत्र आणि संगणक यांत फरक पडला तर बहुतेक वेळा नियम समजण्यात घोळ असतो, गणितात नसतो.

हेच फाशांच्या तपासणीला लागू. "मी 60 वेळा टाकून पाहिला, फासा बरोबर आहे" याला अर्थ नाही. सहा येण्याची शक्यता सहात एकऐवजी पाचात एक केलेला लबाड फासा 60 वेळांत सरासरी 12 वेळा सहा देईल, सरळ फासा 10 वेळा, आणि नुसत्या योगायोगाचा चढउतारच सुमारे 3 चा. 600 वेळा टाकला तर 120 विरुद्ध 100, चढउतार 9 चा. तेव्हा कुठे संशय घेता येतो. प्रेक्षकांसमोर एवढा वेळ नसतो, म्हणून हाताने तपासा. फासा समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर अंगठा आणि तर्जनीत सैल धरा. वजन भरलेला असेल तर तो दर वेळी फिरून एकाच बाजूने स्थिरावतो. उंच ग्लासात पाणी घेऊन हळू सोडा, दहा वेळा, दर वेळी वेगळा आकडा वर ठेवून. तोच आकडा वर येत राहिला तर उत्तर मिळालं. आणि समोरासमोरच्या बाजूंची बेरीज 7 आहे ना ते पाहा. काही फाशांवर तीनच आकडे दोनदा कोरलेले असतात. एका वेळी डोळ्याला तीनच बाजू दिसतात, म्हणून टेबलावर पडलेला असताना कुणाच्या लक्षात येत नाही.

आता हात. सरावाला आरसा वापरत असाल तर जोडीला मोबाइलचा कॅमेरा लावा. आरशासमोर माणूस नेमक्या लबाडीच्या क्षणी डोळे मिचकावतो आणि मग स्वतःची चूक त्याला कधीच दिसत नाही. तळचं पान वाटणं, वरून दुसरं पान वाटणं, खोटं पिसणं आणि कॅट बदलणं या चार गोष्टींवर कार्यक्रम उभा राहतो. त्यातल्या दोनच उत्तम करा. अर्धवट चार दाखवण्यापेक्षा दोन स्वच्छ बरी, बाकीच्या तोंडी सांगता येतात. पिसण्याबद्दल एक खात्रीचा, प्रेक्षकांना थक्क करणारा मुद्दा आहे: दोन भाग करून कोपरे एकमेकांत सोडत पिसलं तर 52 पानं नीट मिसळायला सात वेळा पुरतात. हे 1992 मध्ये पर्सी डायकोनिस आणि डेव्ह बेयर यांनी सिद्ध केलं. आपण घरी हातावर उलटसुलट टाकत पिसतो, त्याला हजारो वेळा लागतात. डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर फिरला आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाला. तुमच्यासारख्याने स्कार्नइतकंच लक्ष त्याच्याकडे द्यावं असं मला वाटतं.

पत्ते कागदीच घ्या, पृष्ठभागावर बारीक खळगे असलेले. गुळगुळीत प्लास्टिकचे पंख्यासारखे पसरत नाहीत. रुंद पानं 63×88 मिलिमीटरची असतात, अरुंद 57×88 ची. तळहातात लपवायला अरुंद सोपी, पण पडद्यावर रुंद छान दिसतात. पावसाळ्यात मुंबई-कोकणात कागदी पानं फुगतात, चिकटतात आणि वरून दुसरं पान वाटताना दोन पानं एकत्र निघतात. कॅट सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवा. सभागृह वातानुकूलित असेल तर अर्धा तास आधी आत नेऊन उघडा. तीस-चाळीस माणसांपुढे पडदा लागतोच, तिसऱ्या रांगेमागे किलवर आणि इस्पिक सारखंच दिसतं. कॅमेरा वरून, किंचित तिरका, खाली गडद कापड. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवा, नाहीतर पडद्यावर पट्टे फिरतात.

युक्त्या उघड कराव्यात का? माझी मर्यादा अशी आहे: प्रत्येक लबाडी खेळणाऱ्याच्या बाजूने कशी दिसते ते दाखवायचं, तिची खूण सांगायची, उपाय सांगायचा. बोट कुठे कसं हलतं हे शिकवायचं नाही. लबाड माणसाला ते आधीच माहीत असतं, नवख्याला अर्ध्या मिनिटाच्या प्रात्यक्षिकातून येत नाही, आणि जादूगारांच्या पोटावर पाय पडत नाही. उपाय मात्र पूर्ण द्या. कॅटच्या तळाशी प्लास्टिकचं एक जाड पान ठेवलं की तळचं पान वाटता येत नाही. वाटणाऱ्याची तर्जनी कॅटच्या पुढच्या कडेवर ठाम दिसली तर सावध व्हा. कॅट हातात न ठेवता टेबलावर ठेवून वाटायला सांगा. खेळण्याआधी पानं मोजा. पाठीवर खुणा आहेत का पाहायला कॅट अंगठ्याने भरभर सोडा आणि एकाच जागी नजर ठेवा. नक्षी स्थिर राहिली तर ठीक, तिच्यात काही हललं तर तो कॅट बाजूला ठेवा. आणि तुम्ही स्वतः पैशाने खेळू नका, दिवाळीत मेहुण्यांबरोबरसुद्धा नाही. जिंकलात तर चोर, आणि हरलात तर मग हा कसला तज्ज्ञ.

कायद्याकडे लेखक दुर्लक्ष करतात, म्हणून थोडं सविस्तर. महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, आणि जुगाराला मदत व्हावी या हेतूने माहिती छापणं, वाटणं यावरही त्यात कारवाई होते. म्हणून मटक्याचं गणित लिहा, पण कुठल्याही दिवसाचा आकडा, तक्ता, 'लकी जोडी' असलं काही लेखाच्या आसपासही येऊ देऊ नका. तुमच्या संकेतस्थळावर आपोआप येणाऱ्या जाहिरातीही तपासा. रमीबद्दल लिहिताना सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये तिला मुख्यतः कौशल्याचा खेळ मानलं हे लोक सांगतात, ते खरं आहे. पण 2025 मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात पैशाच्या ऑनलाइन खेळांना कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही, आणि जाहिरात करणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत कैद आणि 50 लाखांपर्यंत दंड आहे. या विषयावर लिहिणारे-बोलणारे बरेच जण अशा ॲपच्या कमिशनवर जगत होते. ती वाट बंद समजा. मला त्याचं वाईट वाटत नाही. ज्या माणसाला हरणाऱ्यामागे कमिशन मिळतं तो हिशोब खरा लिहीत नाही.

मग पैसा कुठून? कार्यक्रमांतून सर्वांत आधी. कंपन्यांचे दिवाळीपूर्व समारंभ, जोखीम आणि निर्णय या विषयावरची त्यांची प्रशिक्षणं, कॉलेजांतले गणिताचे विभाग, वसंत व्याख्यानमाला, गणपतीच्या जागरणात पत्ते रंगतात तिथली मंडळं. शेवटच्या दोन ठिकाणी मानधन कमी, पण सराव उत्तम, कारण समोर बसलेले लोक खरोखर खेळणारे असतात आणि खोटं लगेच पकडतात. लेखनाचं मानधन मराठीत तुटपुंजंच. त्याकडे तुमची कार्यक्रमाची ओळख म्हणून पाहा. दिवाळी अंकासाठी जुलैपर्यंत लेख हातावेगळा करा, सप्टेंबरात विचारून उपयोग नसतो. कॅसिनोचा सल्लागार होण्याचं स्वप्न मात्र थोडं बाजूला ठेवा. गोव्यात मांडवीवरच्या जहाजांवर आणि हॉटेलांत कायदेशीर कॅसिनो आहेत, पण तिथे लबाडी पकडणारी माणसं टेबलावर पानं वाटत, मग देखरेखीच्या कॅमेऱ्यांमागे बसून तयार होतात. अमेरिकेतला स्टीव्ह फोर्ट याच वाटेने आला, नेवाडाच्या कॅसिनोत पानं वाटण्यापासून. स्टेजवरचा माणूस थेट सल्लागार होत नाही. तुम्हाला खरंच तिकडे जायचं असेल तर दोनेक वर्षं डीलरची नोकरी करावी लागेल, आणि तेव्हा कार्यक्रम व लेखन थांबेल. नोकरीच्या करारात तसं कलमच असू शकतं.

सध्याची नोकरी सहा जोड्या तयार होऊन दोन दिवाळीचे मोसम पार पडेपर्यंत सोडू नका. पहिल्या मोसमात ओळखीचे बोलावतात, दुसऱ्या मोसमात अनोळखी बोलावले तर धंदा आहे. आणि पहिल्याच कार्यक्रमापासून लेखी करार करा: निम्मं मानधन आगाऊ, तारीख रद्द झाली तर ते परत नाही, पडदा-कॅमेरा कुणी आणायचा ते स्पष्ट, आणि चित्रीकरणाबद्दल एक वेगळं कलम. आयोजक हौसेने पूर्ण कार्यक्रम यूट्यूबवर टाकतात. मग कुणीतरी तो पाव वेगाने चालवतं आणि तुमचं तळचं पान पुढच्या गावच्या प्रेक्षकांना आधीच दिसलेलं असतं. तीन मिनिटांपर्यंतचा तुकडा, समोरच्या एकाच कोनातून, वरच्या कॅमेऱ्याचं चित्र वगळून, आणि टाकण्यापूर्वी तुम्हाला दाखवून, एवढीच परवानगी द्या.